घडीच्या चाकूची पारख

घडीचा चाकू म्हणजे ज्याचे पाते मिटून मुठीतच राहते आणि जो बिनधास्त खिशात टाकता येतो असा चाकू. कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा, हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले चांदीचे एक घडीचे अवजार आहे. त्यात पात्याच्या जोडीला चमचा, काटा आणि टोचणीही आहे. पण आज संग्राहक जो चाकू हातात धरतात त्याची घडण सतराव्या शतकात ठरली. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग आली आणि तिच्या दाबाने पाते उघडले की उघडे, मिटले की मिटलेले राहू लागले. युरोपातल्या कारकुनाला पिसाची लेखणी तासायला आणि आपल्याकडच्या कारकुनाला बोरू तासायला लहान चाकू लागत असे. टाक आला, पुढे फाउंटनपेन आले, तरी चाकू खिशातून गेला नाही.

या चाकूंची जुनी पेठ म्हणजे इंग्लंडमधले शेफिल्ड. चौदाव्या शतकात चॉसरने रंगवलेल्या गिरणीवाल्याजवळही शेफिल्डचाच चाकू आहे. तिथल्या चाकूकारांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला आणि कोणी कोणता ठसा वापरायचा याची नोंद ठेवू लागला. जर्मनीत झोलिंगन, फ्रान्समध्ये तिएर ही अशीच पिढीजात गावे. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डचे अनेक कारागीर अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनियात गेले, आणि अमेरिकी चाकूधंदा त्यांच्या हातून उभा राहिला. आज जुन्या चाकूंचा सर्वांत मोठा हौशी बाजार अमेरिकेतच आहे, म्हणून किमतीच्या बहुतेक रूढी, संज्ञा आणि भावपुस्तकेही तिथलीच आहेत. बर्नार्ड लेव्हाइन यांचे १९८५ साली पहिल्यांदा निघालेले मार्गदर्शक पुस्तक त्यांत सर्वाधिक हाताळले गेलेले.

संग्राहक ढोबळमानाने दोन प्रकारचे चाकू जमवतात. एक, रोजच्या वापरासाठी बनलेले आणि काळाच्या ओघात जुने झालेले. दुसरे, एखादी घटना, व्यक्ती, संस्था किंवा वर्धापनदिन यांच्या आठवणीसाठी मुद्दाम काढलेले स्मारक चाकू. नवख्या माणसाची पहिली ओढ दुसऱ्या प्रकाराकडे असते, कारण त्यांच्यावर सोनेरी अक्षरे असतात, लाकडी पेटी असते, अनुक्रमांक असतो. बाजाराचा अनुभव मात्र उलटा आहे. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीला विकला गेलेला, शेतकऱ्याने किंवा शाळकरी पोराने वापरायचा चाकू आज कोऱ्या अवस्थेत मिळाला तर भाव खातो, आणि ‘संग्रहासाठी खास’ म्हणून विकलेला चाकू पन्नास वर्षांनीही बहुधा मूळ किमतीच्या आसपासच घुटमळतो. कारण साधे आहे. पहिल्या प्रकारचे चाकू निसण्यावर झिजले, विहिरीत पडले, टोके मोडून फेकले गेले. जे कोरे उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक चाकू प्रत्येकाने पेटीत जपून ठेवला, त्यामुळे त्यांची टंचाई कधी झालीच नाही.

पारख करायची तर आधी चाकूची रचना कळायला हवी. पात्याचा जो बिनधारेचा भाग मुठीत शिरतो त्याला ‘टँग’ म्हणतात. मराठीत त्याला पात्याचे बूड म्हणता येईल. रिव्हेट त्याच्यातूनच जाते आणि कारखान्याचा ठसाही त्याच्यावरच असतो. मुठीच्या दोन्ही बाजूंना आतून पितळेच्या किंवा निकेल-सिल्व्हरच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांवर हाड, शिंग, शिंपला, लाकूड किंवा प्लॅस्टिक यांच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. मुठीच्या टोकांना धातूचे जाड खांदे असतात, त्यांना ‘बोल्स्टर’ म्हणतात. मुठीच्या मधोमध जडवलेला छोटा धातूचा बिल्ला म्हणजे ‘शील्ड’. पाते उघडायला नख अडकवण्याची खाच असते. पाते उघडताना आणि मिटताना जो खणखणीत खटका ऐकू येतो त्याला अमेरिकी संग्राहक ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात, आणि दिव्याखाली भिंग धरण्याआधी ते चाकू कानाशी नेऊन हा आवाज ऐकतात. स्प्रिंग थकली असेल तर पाते गुळगुळीत, मुकाट मिटते. तेवढ्यावरच किंमत खाली येते.

ठशावरून वय काढणे हा या छंदाचा गाभा. काही ठसे सरळ इतिहासाशी जोडलेले आहेत. अमेरिकेत १८९० साली मॅकिन्ली जकात कायदा झाला आणि परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे ज्या शेफिल्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ किंवा झोलिंगनच्या चाकूवर ‘जर्मनी’ कोरलेले आहे तो बहुधा १८९१ नंतरचा. उलट, देशाचे नाव नाही म्हणून चाकू त्याआधीचाच, असे मात्र म्हणता येत नाही, कारण अमेरिकेबाहेर विकायच्या मालाला हे बंधन नव्हते. भारतात सापडणाऱ्या इंग्रजी चाकूंच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ‘स्टेनलेस’ असे कोरलेले पाते १९१३ पूर्वीचे असूच शकत नाही. हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये गंजरोधक पोलाद त्या वर्षी तयार केले. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या घराण्याला १८२२ मध्ये राजाश्रय मिळाला, आणि त्यांच्या पात्यांवर मुकुटासह राज्यकर्त्याची आद्याक्षरे येऊ लागली: व्हिक्टोरियाच्या काळात ‘व्ही आर’, एडवर्ड सातव्याच्या काळात ‘ई आर’, पंचम जॉर्जच्या काळात ‘जी आर’. त्यांच्या तारा आणि माल्टीज क्रॉस या खुणेची ख्याती इतकी होती की वसाहतींमधल्या बाजारांत तिची नक्कल सर्रास होई. याच घराण्याने १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा, शिंपल्याच्या मुठीचा ‘नॉरफोक चाकू’ बनवला. ‘इयर नाइफ’ हा त्यांचा आणखी एक अचाट चाकू १८२२ सालचा. त्याला तेव्हा तितकीच, म्हणजे १,८२२ पाती होती आणि पुढे साल वाढेल तशी पाती वाढवत नेण्यात आली. हे चाकू वापरायचे नव्हतेच, ते हुन्नर मिरवायचे होते.

झोलिंगनच्या नावालाच १९३८ साली जर्मन कायद्याने संरक्षण दिले. त्या गावात घडलेल्या मालावरच ते नाव घालता येते. स्वित्झर्लंडमधल्या इबाखचा कार्ल एल्झनर १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला, १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू नोंदवला, १९०९ मध्ये आईच्या नावावरून ‘व्हिक्टोरिया’ हे नाव घेतले आणि १९२१ मध्ये गंजरोधक पोलादाचे ‘इनॉक्स’ त्याला जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाले. पात्यावर फक्त ‘व्हिक्टोरिया’ असेल तर चाकू साधारण या बारा वर्षांतला, निदान जुना, एवढे लगेच कळते. स्विस सैनिकाच्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या चाकूवर (१९६१ ते २००८) वर्षाचे शेवटचे दोन अंक पात्याच्या बुडावर छापलेले असतात. जन्मसालाचा चाकू शोधणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे.

ठसे वाचण्याचा सर्वांत समृद्ध नमुना म्हणजे अमेरिकेतली केस ही कंपनी. १८८९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅली येथे केस बंधूंनी धंदा सुरू केला; पुढच्या पिढीने तो पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफोर्डला नेला आणि तो आजही तिथेच आहे. ठशातल्या दोन फुल्यांबद्दल कंपनी सांगते की पोलाद एकदा भट्टीतून आणि पाणी देऊन निघाले की एक फुली, दुसऱ्यांदा निघाले की दुसरी. साधारण १९२० ते १९४० या काळात ठसा ‘केस टेस्टेड डबल एक्स’ असा होता. १९४० ते १९६४ मध्ये ‘केस डबल एक्स’, १९६५ ते १९६९ मध्ये त्याखाली ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे. १९७० साली कंपनीने या ठशाखाली दहा ठिपके घातले आणि दर वर्षी एक ठिपका कमी करायचे ठरवले. म्हणजे नऊ ठिपके १९७१, सात ठिपके १९७३, एकच ठिपका १९७९. १९८० मध्ये ‘एस’ हे अक्षर विजेच्या रेघेसारखे वाकडे केले आणि पुन्हा दहापासून उलटी मोजणी सुरू झाली. ही व्यवस्था कारखान्याने आपल्या सोयीसाठी केली असेल, पण तिने हौशी लोकांना वेड लावले. गावोगावच्या दुकानांत फलकांवर लटकत राहिलेले ठिपक्यांआधीचे चाकू लोकांनी शोधून शोधून उचलले, आणि १९७० च्या दशकातल्या संग्रहाच्या लाटेला बरेच इंधन यातून मिळाले.

केसच्या चाकूवर ठशाखेरीज एक आकडाही असतो आणि तो वाचता आला की अर्धी पारख झालीच. उदाहरणार्थ ६२५४. पहिला अंक मुठीचा: ६ म्हणजे हाड, ५ म्हणजे सांबरशिंग, ८ म्हणजे शिंपला, ३ म्हणजे पिवळे, २ म्हणजे काळे कृत्रिम द्रव्य. दुसरा अंक पात्यांची संख्या. उरलेले दोन म्हणजे नमुना; ५४ हा ‘ट्रॅपर’, दोन लांब सारख्या पात्यांचा, केसाळ जनावरे पकडणाऱ्यांच्या कामाचा. तेव्हा ६२५४ म्हणजे हाडाच्या मुठीचा दोन पात्यांचा ट्रॅपर, आणि ५२५४ म्हणजे तोच चाकू सांबरशिंगाचा. पात्यावर ६ आणि मुठीला शिंग असे दिसले तर मूठ बदललेली आहे किंवा पाते दुसऱ्या चाकूचे आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मुठीच्या साहित्यावर किमतीचा मोठा भाग ठरतो. सांबरशिंग सर्वांत वर मानले जाते. टिकाऊ, हातातून न निसटणारे आणि दोन तुकडे कधी सारखे नसणारे हे शिंग शेफिल्ड, झोलिंगन आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना प्रामुख्याने भारतातूनच जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात बंद केली, आणि त्यानंतर जुन्या शिंगाच्या मुठींचा भाव आणखी चढला. हाडाची मूठ म्हणजे मुळात शिंगाची स्वस्त नक्कल: गुरांच्या नळीच्या हाडाला यंत्राने खाचा पाडून, रंगात उकळून शिंगासारखे केलेले. पण काळाने ही नक्कलच अस्सल ठरवली. कारखान्यांना हाड पुरवणाऱ्यांची खाच पाडण्याची ढब वेगवेगळी होती, रंगाच्या प्रत्येक घाणीत छटा बदलत असे, आणि संग्राहक आता या छटांवरच जीव टाकतात. केसच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या हिरवट झाकेच्या हाडाला ‘ग्रीन बोन’ म्हणतात. त्यानंतरच्या लालसर हाडाला ‘रेड बोन’. एकाच नमुन्याचे, एकाच काळाचे, सारख्याच अवस्थेतले दोन चाकू, आणि केवळ हिरव्या छटेमुळे एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट, हे नवख्याला चमत्कारिक वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाड मिळेनासे झाले तेव्हा केसने काळ्या, खरखरीत कृत्रिम द्रव्याच्या मुठी बसवल्या. तो तेव्हाचा नाइलाज आता काळ ओळखण्याची खूण बनला आहे. १९६० च्या सुमारास डेलरिन हे प्लॅस्टिक आले आणि हाडाची सद्दी बरीचशी संपली.

केसखेरीज बाजारात दबदबा असलेले नाव रेमिंग्टनचे. ही मूळची बंदुकांची कंपनी. पहिले महायुद्ध संपले, सरकारी कंत्राटे थांबली, यंत्रे आणि माणसे रिकामी झाली, तेव्हा कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट येथे तिने १९२० मध्ये चाकू बनवायला घेतले आणि १९४० मध्ये तो धंदा सोडला. केवळ वीस वर्षे. त्या काळात शिकाऱ्यांसाठी काढलेल्या काही मोठ्या चाकूंच्या मुठीवर काडतुसाच्या आकाराचा बिल्ला असे. हे ‘बुलेट’ चाकू आज अमेरिकी संग्रहातले मानाचे पान आहेत. आर ११२३ हा नमुना चांगल्या अवस्थेत शेकडो डॉलरला आणि कोरा असेल तर हजाराच्या वर जातो. १९८२ साली रेमिंग्टनने हाच नमुना पुन्हा काढला आणि पुढे दर वर्षी एकेक बुलेट चाकू बाजारात आणला. नवे चाकू चांगलेच आहेत, पण ते मूळ नव्हेत, आणि विक्रेता ‘रेमिंग्टन बुलेट’ एवढेच म्हणून थांबला तर साल विचारायलाच हवे.

आता स्मारक चाकू. ही प्रथा संग्राहकांच्या बाजाराहून जुनी आहे. व्हिक्टोरियाच्या १८८७ आणि १८९७ च्या महोत्सवांच्या, राज्यारोहणांच्या, १८९३ च्या शिकागो आणि १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनांच्या आठवणीचे चाकू निघाले. ओहायोतल्या कँटन गावच्या कारखान्यांनी पारदर्शक सेल्युलॉइडखाली छायाचित्र, ग्राहकाचे नाव किंवा निवडणुकीतला उमेदवार बसवलेले चाकू घरोघर विकले. ज्या मॅकिन्लीच्या कायद्यामुळे चाकूंवर देशाचे नाव आले त्याचेही गाव हेच. हे जुने स्मारक चाकू वापरले गेले, म्हणून चांगल्या अवस्थेत कमी उरले. त्यांना किंमत आहे, आणि ज्यांना त्या प्रदर्शनाचे किंवा त्या उमेदवाराचेच वेड आहे अशा इतर संग्राहकांचीही त्यांना मागणी असते. स्मारक चाकूच्या भावात ही दुहेरी मागणी निर्णायक ठरते. चाकूवाल्यांना ज्यात रस नाही तो रेल्वेचा चाकू रेल्वेवाले घेतात.

दुर्मीळतेबद्दलच्या समजुती मात्र तपासून घ्याव्यात. एडवर्ड आठव्याचा राज्याभिषेक झालाच नाही, त्याने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, म्हणून त्याच्या राज्याभिषेकाच्या वस्तू अतिदुर्मीळ असल्या पाहिजेत असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात त्या आधीच ढिगाने बनल्या होत्या आणि ‘पुढे किंमत येईल’ म्हणून लोकांनी जपून ठेवल्या. आजही त्या सहज मिळतात.

१९७० च्या दशकात या प्रथेचा धंदा झाला. १९७२ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय चाकू संग्राहक संघटना स्थापन झाली आणि १९७५ पासून ती सभासदांसाठी दर वर्षी एक चाकू काढू लागली. पहिला झोलिंगनचा, दोन क्रौंच पक्ष्यांच्या ठशाचा. केंटकी राज्यातल्या पहिल्या वसाहतीला दोनशे वर्षे झाली म्हणून १९७४ मध्ये केसने चाकू काढला, आणि १९७६ साली देशाच्याच द्विशताब्दीला तर बहुतेक साऱ्या कारखान्यांनी हात धुऊन घेतले. पात्यांवर गरुड, घंटा, घोडेस्वार. मखमली खाचेची पेटी. ‘तीन हजारांतला अमुक’ असा अनुक्रमांक. यांतले बरेचसे चाकू कारागिरीला उत्तम आहेत, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. गुंतवणूक म्हणून मात्र ते फसवे निघाले. मर्यादित संख्या म्हणजे दुर्मीळता नव्हे. तीन हजार चाकू आणि घेणारे हजार असतील तर दोन हजार चाकू कायम विक्रीलाच असतात. अशा चाकूला भाव मिळतो तो तीन अटींवर: पेटी, कागद आणि चाकू तिन्ही जागेवर हवेत; पाते एकदाही धारेला लावलेले नको; आणि नमुना मुळातच लोकप्रिय हवा. ट्रॅपरवर काढलेले स्मारक कुणीतरी घेतो, शोभेच्या अवजड चाकूवरचे पडून राहते.

अवस्थेचे मोजमाप बऱ्यापैकी ठरून गेले आहे. ‘मिंट’ म्हणजे कारखान्यातून निघाला तसा, न वापरलेला, धार न लावलेला. ‘निअर मिंट’ म्हणजे हाताळल्याचे किंचित डाग. ‘एक्सलंट’मध्ये पात्याची झीज दहा टक्क्यांच्या आत, ‘व्हेरी गुड’मध्ये साधारण पाव, ‘फेअर’मध्ये जवळपास निम्मी, त्याखालचा ‘पुअर’ हा सुट्या भागांसाठीच उपयोगी. मिंट आणि एक्सलंट यांतली दरी कागदावर लहान वाटते, पण किमतीत ती निम्म्याहून जास्त असू शकते. झीज ओळखायला पात्यावरची नखाची खाच पाहावी. ती पाठीजवळ असते आणि निसण्याने पाते खालून झिजते, त्यामुळे खाच व धार यांतले अंतर कमी झालेले दिसते. पाते मिटल्यावर त्याचे टोक मुठीत नको इतके खोल गेले असेल किंवा उलट वर डोकावत असेल, तर टोक मोडून पुन्हा घासलेले असण्याची शक्यता मोठी.

जिथे ठशाला पैसा आहे तिथे खोटा ठसा असणारच. अस्सल ठसा पोलाद मऊ असताना दाबून मारलेला असतो. पाणी देणे आणि पॉलिश त्यानंतरचे. त्यामुळे अक्षरांच्या कडा पॉलिशखाली सपाट झालेल्या असतात आणि घासण्याच्या बारीक रेषा अक्षराच्या कडेपर्यंत येऊन तुटतात. पाणी दिलेल्या कडक पोलादावर नंतर ठसा मारता येत नाही, म्हणून भामटा आम्लाने किंवा कोरणीने अक्षरे काढतो. ती उथळ असतात आणि भिंगाखाली त्यांचा तळ खडबडीत दिसतो. काही भामटे बनावट अक्षरे जुनी दिसावीत म्हणून साऱ्या बुडालाच काळे करतात. दुसरा प्रकार जोडकामाचा. चार मोडक्या चाकूंतून एक चांगला बनवायचा, मुठीला नवे हाड लावून चहाच्या पाण्यात रंगवायचे, बिल्ला दुसरा बसवायचा. रिव्हेटच्या डोक्याभोवती ताजे ओरखडे, दोन पात्यांच्या धातूचा वेगळा रंग, हाड आणि बोल्स्टर यांत नखाला लागणारी फट, पाते उघडे असताना त्याची पाठ आणि स्प्रिंग एका रेषेत नसणे, ही त्याची लक्षणे. तिसरा प्रकार सर्वांत निरुपद्रवी दिसतो: चाकावर चकाचक केलेला जुना चाकू. पॉलिशने ठसा बोथटतो, बोल्स्टरच्या कडा गोल होतात, आणि पोलादावर वर्षानुवर्षे चढलेली निळसर-करडी झाक निघून जाते. ती झाक म्हणजे गंज नव्हे, पोलादाचे वय आहे. घासून चमकवलेल्या चाकूला जाणता माणूस हात लावत नाही.

किंमत ठरवताना भावपुस्तकातला आकडा ही सुरुवात समजावी. पुस्तक छापून होईपर्यंत बाजार बदलतो, आणि पुस्तकातला भाव बहुधा कोऱ्या चाकूचा असतो. ऑनलाइन विक्रीत मागितलेली किंमत पाहण्यात अर्थ नाही. लिलाव संपून खरोखर किती पैसे मोजले गेले तेवढाच आकडा धरावा, तोही एका नव्हे तर अनेक विक्रींचा. व्यापाऱ्याला नफा काढायचा असतो, म्हणून तो याहून बराच कमी देणार, यात फसवणूक नाही. खूप मागणी असलेल्या नमुन्यात अवस्था एक पायरी चढली की किंमत उडी घेते; मागणीच नसलेल्या नमुन्यात चाकू कितीही कोरा असला तरी हलत नाही. ‘आजोबा लढाईत घेऊन गेले होते’ यासारख्या गोष्टींना भाव मिळतो तो पत्र, छायाचित्र किंवा कोरलेले नाव सोबत असेल तरच.

जमवलेला चाकू टिकवणे हे वेगळेच काम आहे, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर ते रोजचेच. पात्यावर आणि सांध्यात पातळ खनिज तेलाचा हात, किंवा ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले रेनेसाँस मेण, हे पुरते. चामड्याच्या म्यानात किंवा गुंडाळीत चाकू वर्षानुवर्षे ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि शोषलेला ओलावा यांनी पितळ हिरवे पडते. सर्वांत घातक सेल्युलॉइडच्या मुठी. हे द्रव्य कालांतराने आपोआप विघटित होते आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. सुरुवातीला मुठीजवळच्याच पात्यावर बारीक गंज दिसतो, मग पट्टीला हिरवा थर, मग मूठ तडकून भुरभुरीत होते; आणि त्याच बंद पेटीत ठेवलेले शेजारचे निरोगी चाकूही खाल्ले जातात. अशा चाकूंना वेगळी, हवा खेळती राहील अशी जागा द्यावी लागते.

भारतात या छंदाला मर्यादा आहेत. देशी संग्रहाचा सर्वांत ओळखीचा विषय रामपुरी, उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानच्या कारागिरांचा खटक्याचा चाकू. हिंदी सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिले, आणि पुढे राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आणल्यावर कारागिरी आटली. २०२३ मध्ये त्याच गावात एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा रामपुरी उभारण्यात आला. शस्त्र कायद्याखाली घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाखेरीजच्या, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांवर निर्बंध आहेत. खिशातले बहुतेक चाकू त्यात बसत नाहीत, पण शोभेचे मोठे स्मारक चाकू बसू शकतात. हस्तिदंताच्या मुठीचा चाकू, तो कितीही जुना असो, विकत घेण्याच्या फंदात पडू नये. वन्यजीव कायद्याने भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही १९९१ पासून बंद आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा ‘व्ही आर’ ठशाचा रॉजर्स हाती लागलाच, तर तो परदेशातल्या संग्राहकाला पाठवण्याआधी आणखी एक कायदा पाहावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. वस्तू त्या व्याख्येत येत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.